फितीला लावलेलं कुंकू

मी एकदा एका बाईच्या आवाजाला हळदकुंकू वाहिलं होतं. आवाजाला म्हणजे अगदी आवाजालाच. बोटाच्या टोकावर ओलं कुंकू घेतलं, डोळे मिटले, मनातल्या मनात नमस्कार केला आणि लावलं. आता हे घरात सांगितलं की सगळे आधी हसतात आणि मग सूनबाई हळूच विचारते, आई, पण तुम्ही तर इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या ना? होते ना शिकलेली. डिप्लोमा होता माझा, फर्स्ट क्लासचा, आणि तो मिळाल्यापासून मी मान इतकी ताठ करून चालायचे की समोरचा खड्डा दिसत नसे. ती मुलगी आज मला इथे बदलापुरात, कात्रपच्या नाक्यावर भेटली, तर मी तिचं बखोट धरून तिला घरी पोचवीन आणि तिच्या आईला सांगेन, हिला आणखी थोडे दिवस बाहेर सोडू नका.

तेव्हा आम्ही अंबरनाथला राहायचो, शिवमंदिराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे गॅलरी. गॅलरीत आजीची खाट आणि खाटेखाली घरातलं सगळं नको असलेलं, पण टाकवत नसलेलं सामान. बाबा रसायनांच्या कंपनीत सुपरवायझर होते. त्यांच्या शर्टाला एक आंबूस वास यायचा आणि आई तो शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायची. सकाळ व्हायची ती कंपन्यांच्या भोंग्यांनी. एका भोंग्याला आईचा तवा गॅसवर, दुसऱ्याला बाबांचा डबा पिशवीत, आणि तिसरा झाला की गॅलरीतून आजी विचारायची, आता माझा चहा कोण करतंय. सोमवारी त्यात देवळातल्या घंटांची भर पडायची. पावसाळा सरला तरी आमच्याकडे वालाचं बिरडं चालूच असायचं. मोड आलेले वाल कोमट पाण्यातून काढून सोलायचं काम माझं आणि आजीचं, आणि घरातले सगळे गंभीर निर्णय ते निसरडे वाल हातात धरूनच झालेले आहेत. मी बँकेची परीक्षा द्यावी हा बाबांचा निर्णय असाच झाला आणि मी ती देणार नाही हा माझाही.

कारण शेजारच्या काकांनी बातमी आणली होती. उल्हासनगरात परसराम म्हणून एक सिंधी शेठ होते, कॅसेटवाले. पुढे दुकान, मागे स्वतःचा रेकॉर्डिंगचा स्टुडिओ. त्यांनी गाणी भरायचं नवीन मशीन आणलं होतं. मशीनबरोबर इंग्रजी पुस्तक आलं होतं, उशीएवढं जाड, आणि ते वाचून मशीन चालवणारं कुणी मिळत नव्हतं. मी गेले, पुस्तकाचं पहिलं पान मोठ्यानं वाचून दाखवलं आणि नोकरी लागली. परसूशेठनी पान दुसरं उलटायला सांगितलं असतं तर लागली नसती, कारण दुसऱ्या पानावरचं मला एक अक्षर कळलं नव्हतं.

मशीन चांगलं ट्रंकेच्या झाकणाएवढं रुंद, काळं, आणि त्याच्यात व्हिडिओच्या कॅसेटीसारखी कॅसेट जायची. त्या फितीवर आवाज आकड्यांच्या रूपात भरला जायचा आणि एकाच वेळी आठ वेगवेगळे आवाज भरता यायचे. आजीला हे समजावताना मी म्हटलं, साध्या टेपवर सगळं एकत्र, भातात आमटी कालवून दिल्यासारखं. ह्याच्यात ताटात आठ वाट्या. गाणारीची वाटी वेगळी, ढोलकीची वेगळी, मागे गाणाऱ्यांची वेगळी. कुठल्या वाटीत मीठ कमी पडलं तर तेवढीच वाटी बदलायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही. आजीनं वाल सोलता सोलता ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि ताटच सांडलं तर?” मी म्हटलं, असं होत नाही. असं मी त्या काळात बऱ्याच गोष्टींबद्दल म्हणायचे.

मशीनचे नियम मात्र मी देवाच्या आरतीसारखे पाठ केले होते. नवी कॅसेट आधी आखून घ्यायची, म्हणजे फॉरमॅट करायची. भरलेली कॅसेट चुकूनही फॉरमॅट करायची नाही. काम थांबलं की फीत आत ताणून ठेवायची नाही, कारण आतला ड्रम फिरत राहतो आणि एकाच जागी घासून घासून फीत झिजते. आणि कॅसेट बाहेर काढायची ती फीत पार सुरुवातीला गुंडाळून आणूनच, मधेच कधी नाही. कारण मधे काढली तर झाकणाखाली उघडी असते ती भरलेली फीत. तिला काही झालं तर गाण्यालाच होतं. मी हे सगळं तोंडपाठ म्हणून दाखवायचे आणि परसूशेठ माझ्याकडे कौतुकानं बघायचे. ते बघायला लागले की मला भीती वाटायची. खरं सांगायचं तर मला त्या मशीनचीच भीती वाटायची. पण ही गोष्ट मी कुणाला कळू देत नव्हते, असा माझा समज होता.

अम्माला ती पहिल्या दिवशीच कळली होती. अम्मा म्हणजे परसूशेठची आई. पांढरी साडी, पांढरी ओढणी, हातात काही नाही, कपाळावर काही नाही. तिचा नवरा ती ऐन तारुण्यात असतानाच गेला होता. जीभ मात्र अशी की दुकानातली गिऱ्हाइकंसुद्धा तिच्यासमोर घासाघीस करत नसत. स्टुडिओमागेच त्यांचं स्वयंपाकघर होतं आणि तिथून ती मला बघत असायची. एकदा मी बटण दाबताना तिनं विचारलं, “छोकरी, बटन दबाती है कि बिच्छू पकडती है?” मी हसले. हसताना चुकीचं बटण दाबलं गेलं तेही तिनं बघितलं. मग मला बोलावून ताटलीत दालपकवान वाढलं, वरून कांदा आणि आंबट चटणी, आणि म्हणाली, खा, डरलेल्या माणसाला भूक जास्त लागते. खरंच लागते. मी तिथे असेपर्यंत चांगली भरले होते अंगानं.

अम्माला लाडा यायचे. लाडा म्हणजे सिंधी लग्नात बायका म्हणतात ती गाणी. आजूबाजूच्या कुठल्याही घरात लग्न निघालं की अम्माला बोलावणं यायचं, पण ती मांडवात बसायची नाही. विधवेनं पुढे येऊ नये म्हणून ती आतल्या खोलीत बसायची, दार अर्धवट उघडं ठेवून. तिथून ती ओळ उचलायची आणि बाहेरच्या बायका ती धरायच्या. लोकांना वाटायचं, मांडव गातोय. आता तिच्या नातीचं, परसूशेठच्या मुलीचं, लग्न दिवाळीनंतर ठरलं होतं आणि परसूशेठच्या मनात आलं की अम्माचे लाडा नीट भरून घ्यायचे आणि ते लग्नात लावायचे, म्हणजे निदान अम्माचा आवाज तरी मांडवात बसेल. अम्मानं साफ नकार दिला. पापड लाटायचे सोडून मी त्या काळ्या पेटीसमोर बसणार नाही म्हणाली. शेवटी मीच लांब वायर ओढून माईक स्वयंपाकघरात नेला. शेजारच्या घरात जीन्स शिवायचा कारखाना होता, पन्नास सुया एकदम चालायच्या, त्यामुळे त्यांच्या जेवणाच्या सुट्टीतच भरणं व्हायचं. अम्मा पापड लाटत गायली. नीट ऐकलं तर त्या फितीवर तिच्या आवाजामागे लाटणं ऐकू येतं, तालात, कधी न चुकणारं. मागे म्हणायला परसूशेठची बायको, जिला आम्ही सगळे भाभी म्हणायचो, आणि शेजारच्या दोघी. त्यांच्या वाट्या वेगळ्या भरल्या, ढोलकीची वेगळी. अम्मा स्वतःचं ऐकायला कधी आलीच नाही. म्हणाली, मला ठाऊक आहे मी कशी गाते.

आणि पितृपक्षात एका सकाळी अम्मा पलंगावरून उठलीच नाही. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, वाचा गेली. इस्पितळातून घरी आणली तेव्हा ती खुर्चीत बसायची, बघायची, आणि फक्त बघायची. डॉक्टर म्हणाले, बोलणं थोडंफार परत येईल कदाचित. गाण्याचं त्यांना कुणी विचारलं नाही. तो आवाज आता त्या एकाच फितीवर उरला होता. हुबेहूब प्रत काढायची तर तसलंच दुसरं मशीन जोडावं लागतं, आणि ते मुंबईहून भाड्यानं आणायचं ते सणवार उरकल्यावर, असं आमचं ठरलं होतं. आमचं म्हणजे माझंच. परसूशेठनी विचारलं होतं, घाई करायची का. मी म्हटलं होतं, छे, डिजिटल आहे, त्याला काय होतंय.

मग आली खंडेनवमी. आमच्या घरी ती अगदी दणक्यात व्हायची. बाबांचे पेचकस आणि पक्कड, आईचं शिलाईचं मशीन, विळी, आजीचा अडकित्ता, सगळं घासूनपुसून पाटावर मांडलेलं, हळदकुंकू, अक्षता, झेंडूची फुलं. त्या वर्षी मी माझा मल्टिमीटरही पाटावर ठेवला. पूजा झाल्यावर माझ्या मनात आलं, ज्या यंत्रावर आपलं पोट चालतं ते तिकडे उल्हासनगरात बिनपूजेचं बसलंय. मी आईकडून कुंकवाचा करंडा, अक्षता आणि फुलं बांधून घेतली आणि गेले. परसूशेठना कल्पना फार आवडली. त्यांनी मिठाई मागवली, दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, आणि त्यांना वाटलं, आज अम्मालाही तिचा आवाज ऐकवू. अम्माची खुर्ची उचलून त्यांनी स्टुडिओच्या दारात आणून ठेवली. ह्या सगळ्याचा मला इतका आनंद झाला की आदल्या संध्याकाळी मी तिसऱ्या लाडाच्या मधे वाट्या जुळवायचं काम थांबवलं होतं हेच विसरले आणि बटण दाबून कॅसेट तशीच बाहेर काढली.

मशीनच्या पुढच्या पत्र्यावर मी कुंकवाचं स्वस्तिक काढलं. वरून अक्षता टाकल्या, सढळ हातानं, त्यातल्या दोन-चार उघड्या तोंडातून आत गेल्या तेव्हा मला ते शुभच वाटलं, देवाच्या मुखात नैवेद्य जावा तसं. मग ताम्हनात कॅसेट ठेवली. कुंकू लावणार तेवढ्यात माझ्यातली फर्स्ट क्लास जागी झाली. हा तर नुसता प्लॅस्टिकचा डबा. डब्याची पूजा काय करायची, आवाज तर फितीवर आहे. मी बाजूची कळ दाबून झाकण वर उचललं, आणि त्या काळ्या चकचकीत फितीला, बरोबर मधोमध, ओल्या कुंकवाचं बोट लावलं. परसूशेठनी हात जोडले. भाभीनं पदर डोक्यावर घेतला. मी झाकण मिटलं, कॅसेट आत सरकवली, आणि सुरू केलं.

अम्माचा आवाज आला. एक ओळ पुरती आली असेल. खुर्चीतल्या अम्मानं मान तिरकी केली. मग आवाजात वाळू पडल्यासारखं खरखरलं, तुटलं, आणि बंदच झालं. मशीनच्या काचेवरच्या आकड्यांच्या शेजारचा बारीक ठिपका, जो फितीवरचं वाचता येत नाही तेव्हा लागतो, तो लागला आणि विझेचना. मी थांबवलं. कॅसेट बाहेर काढायचं बटण दाबलं. आतून मोटर कण्हली, कट् कट् झालं, आणि काहीच बाहेर आलं नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा. शहाण्या माणसानं एकदाच दाबून हात मागे घेतला असता. मी दाबत राहिले, लिफ्ट येत नाही म्हणून दाबतात तशी. प्रत्येक दाबण्यासरशी ते कट् कट् माझ्या दातांत ऐकू यायला लागलं. तेव्हा भाभी म्हणाली, बस कर बेटा, आणि मी मशीनची वायरच भिंतीतून उपटली.

पुढच्या वेळाबद्दल मी पुष्कळदा विचार केला आहे. त्यानंतर आयुष्यात घाबरायला चांगल्या जागा आल्या, बाळंतपण आलं, बदलापुरात घरात पुराचं पाणी आलं, ह्यांचं ऑपरेशन आलं. पण तोंडातली लाळ साफ वाळून जीभ टाळ्याला चिकटते, तशी भीती मला पुन्हा वाटली नाही. कारण त्या दिवशी त्या खोलीत कुणीच ओरडत नव्हतं. परसूशेठ ओरडले असते तर मी रडले असते आणि मोकळी झाले असते. ते नुसते मशीनच्या स्वस्तिकाकडे बघत होते. अम्मा माझ्या बोटाकडे बघत होती. बोट अजून लाल होतं.

मशीन दुरुस्त करणारा इंजिनिअर मुंबईला होता, सणामुळे येणार नव्हता, पण फोनवर सापडला. फोन पुढे दुकानात आणि मशीन मागे, म्हणून परसूशेठ फोन कानाला धरून दारापर्यंत वायर ताणायचे आणि तो सांगेल ते मला ओरडून सांगायचे. तो पहिल्यांदा म्हणाला, पुन्हा चालू करू नका. मग म्हणाला, झाकण उघडा. मी स्क्रू काढले. हातातून दोन स्क्रू पडले ते भाभीनं ताटलीत गोळा केले, त्या ताटलीत मिठाई होती.

आत काय असतं हे पुस्तकात चित्रात बघितलं होतं. मधे चांदीसारखा चकचकीत ड्रम, तिरका बसवलेला, त्याच्यावर डोळ्यांना न दिसणारी हेडं, म्हणजे फितीवरचं वाचणारी टोकं, आणि कॅसेटमधून दोन बारीक हातांनी ओढून काढून ड्रमभोवती गुंडाळलेली फीत. चित्रात ती सरळ रेघ होती. इथे ती जिवंत कातडीसारखी दिसत होती. ड्रमच्या कडेवर गुलाबी पट्टा उमटला होता.

“वो बोलता है, गोल चीज को उंगली नहीं लगाना,” परसूशेठ दारातून म्हणाले. “और लोहा तो बिलकुल नहीं.”

मी म्हटलं, नाही लावत.

“बोलता है, टेप कटा तो जुडेगा नहीं. आवाज का नंबर टूट जाएगा.” आणि मग, फोनवर हात ठेवून, हळू आवाजात, “बेटा, काटना मत.”

त्यानं सांगितलं होतं की मोटरच्या टोकाला एक दातेरी चाक असतं, ते हातानं हळू हळू फिरवलं की फीत धरलेले दोन हात मागे सरकतात आणि फीत कॅसेटमध्ये परत जाते. मी चाक शोधलं. फिरवलं. दोन्ही हात हलले. थोडे मागे आले, आणि मग डावा चालत राहिला, उजवा अडला. फीत तिरपी ताणली गेली, तिच्या कडेला एक बारीक चुणी पडली. मी पुन्हा फिरवलं. जोर लावला. आता मला कळतं, आणखी एवढासा जोर लावला असता तर तो आवाज तिथेच दोन तुकडे झाला असता. तेवढ्यात मागून “अं” असा आवाज आला. अम्मा. इस्पितळातून आल्यापासून तिच्या तोंडून निघालेला पहिला आवाज. मी इतकी दचकले की हात चाकावरून सुटला. ती मला थांबवत होती की तिच्या पायाला मुंगी चावली होती, हे मला आजही माहीत नाही. पण हात सुटला म्हणून मी वाकून बघितलं, आणि उजव्या हाताच्या खाचेत मला तो दिसला. अक्षतेचा दाणा. कुंकवानं लाल, टपोरा, खाचेत पाचर मारल्यासारखा बसलेला. आईनं निवडून दिलेल्या अखंड तांदळातला.

लोहा नको म्हणून चिमटा नको. भाभीनं उदबत्तीची काडी आणली, तिच्या टोकाला मेणबत्तीचं मऊ मेण लावलं. मी काडी आत घातली, दाण्याला टेकवली, आणि माझा हात इतका हलत होता की काडी फितीच्या शेजारी नाचत होती. मी बाहेर काढली. म्हटलं, माझ्यानं होणार नाही. भाभी मागून आली आणि तिनं माझं मनगट दोन्ही हातांनी धरलं, लहान मुलाला अक्षर गिरवायला शिकवताना धरतात तसं. आम्ही दोघींनी मिळून काडी टेकवली. दाणा चिकटला. दाणा आला. त्यानंतर चाक फिरवलं तेव्हा दोन्ही हात एकमेकांच्या बरोबरीनं मागे गेले, फीत सैल झाली, ती मी कॅसेटची चकती बोटानं फिरवून आत गुंडाळून घेतली, आणि कॅसेट बाहेर आली. तिच्या झाकणावर घामाचा थेंब पडला तो माझ्या नाकावरचा होता.

पण भीती संपली नव्हती, कारण फितीवरचं कुंकू तसंच होतं. इंजिनिअर फोनवर म्हणाला, ओलं पुसू नका, पसरेल. वाळू द्या. तोवर हेडं साफ करा. मशीनबरोबर मऊ कातडं लावलेल्या काड्या आल्या होत्या. ती काडी स्पिरिटमध्ये भिजवायची, ड्रमला नुसती टेकवून स्थिर धरायची, आणि ड्रम वरून हातानं फिरवायचा. काडी वरखाली केली तर हेड मोडतं. कापूस वापरला तर धागा अडकतो. एक काडी गुलाबी झाली, दुसरी फिकट, तिसरी पांढरी आली. मग एक कोरी कॅसेट आखून, तिच्यावर मी “वन टू थ्री” म्हणून भरून बघितलं. माझा घाबरलेला आवाज अगदी स्वच्छ परत आला. मग वाळलेलं कुंकू कोरड्या कातड्यानं एकदाच टिपलं. लाल डाग उरला. अम्माची कॅसेट आत घातली.

पहिला लाडा पूर्ण. दुसरा पूर्ण. तिसऱ्यात मधोमध, एका ओळीच्या शेवटी, एक श्वास घ्यावा इतका वेळ काहीच नाही. आठही वाट्या एकदम रिकाम्या, लाटणंसुद्धा नाही. आणि मग पुन्हा अम्मा, जशी काही थांबलीच नव्हती. परसूशेठ भिंतीला टेकून खाली बसले. दुसऱ्याच दिवशी, दसऱ्याला, ते स्वतः मुंबईला जाऊन दुसरं मशीन घेऊन आले आणि प्रत काढली. ह्या वेळी पूजा कुणी सुचवली नाही.

घरी मी हे हसतहसत सांगायचं ठरवलं होतं. बाबा ऐकून म्हणाले, बँकेचे फॉर्म अजून निघायचेत. आईनं तांदूळ अखंडच असायला हवे होते का, असं स्वतःशीच विचारलं. आजी गॅलरीत वाल सोलत राहिली. रात्रीची भांडी घासून मी तिच्याजवळ गेले तेव्हा तिनं विचारलं, “ती म्हातारी, जिचा आवाज होता. सवाष्ण आहे?” मी म्हटलं, नाही. “तिच्या डोळ्यांदेखत लावलंस?” मी म्हटलं, हो. आजीच्या स्वतःच्या कपाळावर गोंदणाच्या हिरव्या ठिपक्याशिवाय काही नव्हतं, आजोबा गेल्यापासून. “काय म्हणाली ती?” मी म्हटलं, तिला बोलता येत नाही आता. “हं,” आजी म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून निजली. तेव्हा मला दुसरी भीती लागली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती, कारण तिला उघडायला झाकण नव्हतं.

त्यानंतर मी अम्मासमोर जायचं टाळू लागले. डबा दुकानात खायचे. भाभी हाक मारायची, मी मशीनवर काम आहे म्हणायचे. मला वाटायचं, तिच्या बघण्यात आता तेच आहे, की जे जगानं माझ्यापासून काढून घेतलं ते ह्या कालच्या पोरीनं खेळ म्हणून माझ्या गळ्याला लावलं, आणि लावून गळाही अडकवून ठेवला. लग्नात लाडा लागले. तिसऱ्यात ती रिकामी जागा आली तेव्हा मी मांडवाच्या खांबाला धरून उभी होते. बायकांनी ती भरून काढली, त्यांना ओळ येतच होती, कुणाच्या लक्षातही आलं नाही. अम्माची खुर्ची त्या दिवशी परसूशेठनी मांडवात ठेवली होती, पुढे, सगळ्यांदेखत. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

लग्न झालं, थंडी सरली, आणि अम्माची वाचा तुकड्यातुकड्यानं परत यायला लागली. चहा म्हणायची, परसू म्हणायची, एखादी शिवी अगदी स्पष्ट यायची. गाणं आलं नाही. एका दुपारी शेजारच्या सुया थांबलेल्या असताना भाभीनं मला पापडाची ताटली घेऊन तिच्याकडे पाठवलं, टाळता आलं नाही. मी ताटली ठेवली आणि वळले. तिनं डाव्या हातानं माझी ओढणी धरली. मला जवळ ओढून घेतलं, इतकं की तिच्या वाकड्या तोंडाचा श्वास माझ्या कानाला लागला, आणि एकेक शब्द जागेवर बसवत, मधे दम खात, म्हणाली:

“इतने साल मुझे किसी ने कुंकू नहीं लगाया, छोकरी. तूने लगाया भी तो सीधा गले में. अगले साल माथे पे लगाना.”